आयबीएम आय ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्स: एएस/४०० च्या डेटाबेसपर्यंत नेणाऱ्या साधनाचे परीक्षण

फोर्टमधील जुन्या कचेऱ्यांपासून महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांपर्यंत, मुंबईच्या परिसरात आजही अशी पुष्कळ कामे आहेत जी दिवसभर आयबीएमच्या मध्यम आकाराच्या संगणकावर चालतात आणि ज्यांची बाहेर फारशी चर्चा होत नाही. अमेरिकेतील रोचेस्टर, मिनेसोटा येथे घडलेला हा संगणक २१ जून १९८८ रोजी एएस/४०० या नावाने जाहीर झाला. २००० साली तो आयसिरीज झाला, पुढे सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी आयबीएम आय ही प्रणाली म्हणून तो ओळखला जातो. पीसीवरून त्याच्याशी जोडण्यासाठी आयबीएम जे साधन देते, त्या ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्सचे, म्हणजे आमच्या क्षेत्रात सगळे ज्याला एसीएस म्हणतात त्याचे, हे परीक्षण आहे. मी औषधांचे घाऊक वितरण करणाऱ्या एका कंपनीत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. आमची कचेरी फोर्टमध्ये, गोदाम भिवंडीला आणि सर्व्हर महाप्याला आहे. या तिन्ही ठिकाणांना जोडताना, डेटाबेस वापरताना आणि सांभाळताना एसीएस कसे उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

माझे मत आधीच सांगतो. साधन उत्तम आहे आणि एएस/४०० असलेल्या प्रत्येक कचेरीने ते वापरावे. परंतु बहुतेक ठिकाणी ते जुन्या हिरव्या पडद्याचा, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या टर्मिनलचा, नवा अवतार म्हणून बसवले जाते, आणि त्यामुळे त्याचा सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची) खिडकी, एकतर न वापरता पडून राहतो किंवा काहीही विचार न करता सर्वांना उघडून दिला जातो. यातली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे.

याआधीचे क्लायंट ॲक्सेस, म्हणजे नंतरचे आयबीएम आय ॲक्सेस फॉर विंडोज, ज्यांनी वापरले आहे त्यांना जुने साधन सोडवत नाही, हे मी समजू शकतो. मात्र त्याची ७.१ ही शेवटची आवृत्ती होती, विंडोज १० साठी तिला मान्यता नव्हती आणि ३० एप्रिल २०१९ रोजी तिचा आधार संपला. एसीएस जावावर चालते. त्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तेच साधन, त्याच पडद्यांसह मिळते. जावा ८ किंवा त्यापुढची आवृत्ती पीसीवर असावी लागते. त्यापलीकडे संपूर्ण संच एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवूनही चालवता येतो, त्यामुळे नवी आवृत्ती आली की प्रत्येक टेबलापाशी जाण्याची गरज उरत नाही. कमी मेमरीच्या जुन्या पीसीवर जावा सुरू होण्यास वेळ लागतो, ही तक्रार योग्य आहे. एकदा सुरू झाल्यावर मात्र काम सुरळीत चालते. ओडीबीसी, ओएलई डीबी आणि डॉट नेटचे ड्रायव्हर, म्हणजे एक्सेलसारख्या इतर प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडणारे दुवे, या मूळ संचात नसतात, विंडोजसाठी ते वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. ही विभागणी मला फार उपयुक्त वाटते, आणि त्याचे कारण पुढे येईल.

पडद्याच्या भागावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो जसा असावा तसा आहे. जुन्या सेशनच्या फायली आत घेता येतात, रंग आणि कळांची मांडणी हवी तशी बदलता येते. लेखा विभागातील ज्यांची बोटे फंक्शन कळांवर बसलेली आहेत, त्यांना नव्या मांडणीची फार तर काही दिवस अडचण होते. ५२५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हिरव्या पडद्याचा खरा गुण त्याच्या हलकेपणात आहे. २४ ओळी आणि ८० स्तंभांच्या पडद्यावर १,९२० अक्षरे मावतात, आणि एका वेळी जाळ्यावरून त्याच मापाची माहिती जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माणसे बदलापूर-विरारच्या घरांतून मोबाइलच्या इंटरनेटवर काम करू लागली, तेव्हा इतर प्रणालींची पाने उघडेपर्यंत वाट पाहावी लागत असे, पण एएस/४०० चा पडदा व्हीपीएनमधूनही लगेच येत असे.

हलका असला तरी हा पडदा जोडणी तुटण्याच्या बाबतीत नाजूक आहे. भिवंडीच्या गोदामातून येणारा "साहेब, डिव्हाइस अडकलंय, परत साइन ऑन होत नाही" हा फोन या क्षेत्रातील प्रत्येकाला परिचित असेल. होते असे, की मधला फायरवॉल काही काळ शांत असलेली जोडणी गुपचूप तोडतो. पीसीला ते कळते, पण सर्व्हरला कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो जॉब, म्हणजे त्या माणसाचे चालू काम, जिवंतच असतो, त्याच नावाचे डिव्हाइस वापरात असते आणि त्या जॉबने धरून ठेवलेली रेकॉर्डही सुटत नाहीत. परिणामी एका माणसाची तुटलेली जोडणी दुसऱ्या माणसाचे चलन अडवते. यावर उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे. टेलनेटचा, म्हणजे या पडद्याची जोडणी चालवणाऱ्या सेवेचा, टाइममार्क टाइमआउट मूळ ६०० सेकंदांचा असतो. तो फायरवॉलच्या शांततेच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवला, की सर्व्हर स्वतःच ठरावीक वेळाने जोडणीची विचारपूस करतो. जोडणी खरोखर तुटली असेल तर जॉबचे काय करायचे, हे डिव्हाइस रिकव्हरी ॲक्शन या सिस्टिम व्हॅल्यूने ठरते. एसीएसमध्येही जोडणी जिवंत ठेवण्याची सोय आहे आणि ती चालू असावी. पण केवळ पीसीच्या बाजूने केलेली तजवीज अपुरी पडते.

जाळ्याबाबत आणखी एक गोष्ट वेळेवर ठाऊक असेल तर पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो. नेटवर्क विभागाला "एएस/४०० साठी पोर्ट उघडा" असे सांगितले, की ते टेलनेटचे २३ आणि सुरक्षित टेलनेटचे ९९२ एवढेच उघडतात. एसीएसला मात्र इतर सेवाही लागतात: साइन ऑनसाठी ८४७६, डेटाबेससाठी ८४७१, फायलींसाठी ८४७३, दूरच्या आज्ञांसाठी ८४७५, मध्यवर्ती सेवेसाठी ८४७०, आणि कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे सांगणारा ४४९. टीएलएस, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत, वापरायची असेल तर यांतील ८४ ने सुरू होणारे सर्व क्रमांक ९४ ने सुरू होतात. माझ्या मते आज टीएलएसशिवाय जोडणी करूच नये, कारण साध्या टेलनेटमध्ये पडद्यावरील सर्व माहिती उघडी जाते. आयबीएम आय ७.४ पासून टीएलएस १.३ उपलब्ध आहे आणि १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद ठेवलेल्या आहेत. प्रमाणपत्रे डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजरमधून तयार करता येतात. कंपनीने स्वतः दिलेले प्रमाणपत्र असेल, तर त्याचे मूळ आधीच सर्व पीसींवर पोचवावे. अन्यथा एसीएस प्रत्येकाला विश्वास ठेवायचा का असे विचारते, आणि माणसे न वाचता होकार देण्यास शिकतात.

डेटा ट्रान्सफर हा भाग लेखा आणि विक्री विभागांत सर्वाधिक वापरला जातो. टेबलमधील माहिती थेट एक्सेलच्या फायलीत येते, एकदा केलेली मांडणी जतन करता येते आणि तीच रात्रीच्या वेळापत्रकात आज्ञेच्या ओळीवरूनही चालवता येते. औषधांच्या व्यवसायात असलेल्यांना एक सूचना अवश्य करावीशी वाटते: माहिती सीएसव्हीमध्ये न घेता थेट एक्सेलच्या स्वरूपात घ्यावी. सीएसव्ही उघडताना एक्सेल बॅच क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गाळते, आणि मध्ये ई हे रोमन अक्षर असलेला अंकी बॅच क्रमांक घातांकाची संख्या समजून बदलून टाकते. बाजारातून एखादी बॅच परत मागवायची वेळ येते तेव्हा असा बदललेला क्रमांक घेऊन कोणत्याही केमिस्टकडे जाता येत नाही.

आता मुख्य भागाकडे येतो. रन एसक्यूएल स्क्रिप्ट्स या खिडकीमुळे एएस/४०० चे प्रशासन बदलले आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. पूर्वी यंत्रावर काय चालले आहे हे पाहायचे म्हणजे एकेक आज्ञा देऊन पडद्यामागून पडदा पालटायचा: चालू जॉब एका ठिकाणी, कुलूपबंद रेकॉर्ड दुसऱ्या ठिकाणी, छपाईच्या रांगा तिसऱ्या ठिकाणी. आयबीएमने गेल्या काही वर्षांत हीच माहिती आयबीएम आय सर्व्हिसेस या नावाने टेबलांच्या रूपात दिली आहे. ॲक्टिव्ह जॉब इन्फो, नेटस्टॅट इन्फो, रेकॉर्ड लॉक इन्फो, युजर इन्फो अशा नावांवर साधा सिलेक्ट चालवला, की हवे ते हव्या क्रमाने मिळते. कोणता पीसी डेटाबेसच्या पोर्टवर जोडला आहे आणि त्याच्यासाठी चालणारा क्यूझेडडीए हा डेटाबेस सर्व्हरचा जॉब किती प्रोसेसर खातो आहे, ही दोन उत्तरे एकाच प्रश्नात जोडता येतात. बसवलेले पीटीएफ, म्हणजे आयबीएमच्या दुरुस्त्यांचे, गट जुने झाले आहेत का, हेही एका प्रश्नात कळते. खिडकीतच तयार उदाहरणांचा मोठा संग्रह दिलेला आहे, तो नव्या माणसाने आधी वाचून काढावा. महाविद्यालयातून आलेल्या मुलामुलींना आरपीजी ही या यंत्राची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा आणि हिरवा पडदा परका वाटतो, परंतु एसक्यूएल येते. अशा इंजिनिअरला या यंत्राची ओळख करून देण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. आमच्याकडील एका ज्येष्ठ ऑपरेटरने आणि नव्याने आलेल्या एका मुलीने या खिडकीपुढे बसून महिनाअखेरीची तपासणी मिळून लिहिली. कोणता जॉब कशाची वाट पाहतो हे ऑपरेटरला ठाऊक होते, ते कसे विचारायचे हे तिला येत होते.

जुन्या डेटाबेसची स्वतःची वळणे आहेत आणि ती या खिडकीत लगेच समोर येतात. अनेक जुन्या फायलींत दर महिन्याचा वेगळा मेंबर, म्हणजे फाइलच्या आतला स्वतंत्र भाग, असतो. एसक्यूएलला त्यांतील पहिलाच दिसतो, म्हणून इतर मेंबरांसाठी एलियास, म्हणजे पर्यायी नाव, तयार करावा लागतो. तारखा सात अंकी संख्येत ठेवलेल्या असतात, ज्यात पहिला अंक शतक दाखवतो, त्यामुळे ३१ मार्च २०२४ ही तारीख १२४०३३१ अशी दिसते. लायब्ररी लिस्टप्रमाणे (फायली शोधण्याच्या ठरवलेल्या क्रमाने) फाइल शोधली जावी असे वाटत असेल, तर जोडणीत सिस्टिम पद्धतीचे नामकरण निवडावे लागते. आणि बदल करायला गेल्यावर येणारी एसक्यूएल ७००८ ही चूक तर हमखास ठरलेली. फाइलचे जर्नलिंग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, सुरू नसताना कमिटमेंट कंट्रोलखाली, म्हणजे बदल मागे घेता येतील अशा पद्धतीने, बदल करू पाहिल्यास ती येते. पुष्कळ जण कमिटमेंट कंट्रोल बंद करून मार्ग काढतात. असे करू नये. कमिट बंद असताना चुकीच्या व्हेअर कलमाने बदललेल्या नोंदी रोलबॅकने परत येत नाहीत. फाइलला जर्नल लावणे हाच योग्य उपाय, कारण त्यामुळे कोणी, केव्हा, कोणत्या प्रोग्रॅममधून बदल केला याची नोंदही राहते.

अक्षरांचा प्रश्नही येथेच भेटतो. एएस/४०० मूळचा ईबीसीडीआयसी या आयबीएमच्या अक्षरसंकेत पद्धतीचा. सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरसंकेताचा क्रमांक, ६५५३५ असलेल्या फाइलचा अर्थ 'रूपांतर करू नका' असा होतो, म्हणून अशा फाइलमधील ग्राहकाचे नाव एसीएसमध्ये नाव म्हणून न दिसता अंकाक्षरांची माळ म्हणून दिसते. जोडणीत सक्तीचे रूपांतर चालू करता येते, पण ते प्रत्येक पीसीवर करावे लागते. फाइललाच योग्य सीसीएसआयडी देणे हे टिकाऊ काम होय. केमिस्टचे नाव दुकानाच्या पाटीप्रमाणे देवनागरीत साठवायचे असेल तर इंग्रजीसाठीच्या ३७ या सीसीएसआयडीत ते बसत नाही, त्याची अक्षरे नष्ट होऊन पर्यायी चिन्ह उरते. त्यासाठी १२०८ म्हणजे यूटीएफ-८, किंवा १२०० म्हणजे यूटीएफ-१६ असा स्तंभ करावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'कृष्णा' या दोन अक्षरी नावात अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. स्तंभाची लांबी ठरवताना हा हिशेब करावा, नाहीतर लांब नावे अर्धवट राहतात.

एवढी शक्ती प्रत्येक टेबलावर पोचते तेव्हा सुरक्षेचा विचार अपरिहार्य होतो, आणि या परीक्षणात मला सर्वाधिक आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. जुन्या एएस/४०० प्रणालींत सुरक्षा मेन्यूवर उभी आहे. साइन ऑन केल्यावर कारकुनाला त्याचा मेन्यू दिसतो, कमांड लाइन बंद असते, आणि मेन्यूत नसलेली गोष्ट त्याला करता येत नाही, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हिरव्या पडद्यापुरते ते खरेही आहे. एसक्यूएलची खिडकी आणि ओडीबीसी यांना मात्र मेन्यू ठाऊकच नाही. तिथे तोच कारकून, त्याच पासवर्डने, त्याच्या प्रोफाइलला, म्हणजे वापरकर्ता-खात्याला, ज्या ज्या फाइलवर अधिकार आहे ती प्रत्येक फाइल वाचू शकतो, आणि अनेकदा बदलूही शकतो. घराला पुढून भक्कम दार आणि मागची भिंत उघडी, अशी ही स्थिती. पुष्कळ जुन्या प्रणालींत फायलींचा पब्लिक, म्हणजे सर्वांना आपोआप मिळणारा, अधिकार बदल करण्याचा असतो, किंवा सर्व वापरकर्ते ज्या ग्रुप प्रोफाइलचे सदस्य असतात तेच फायलींचे मालक असते. मग प्रत्येक सदस्याला मालकाचा पूर्ण अधिकार मिळतो.

जोडणीच्या मांडणीत 'फक्त वाचन' असा पर्याय आहे आणि तो निवडून अनेक जण निश्चिंत होतात. तो पर्याय चुकून होणाऱ्या बदलांपासून वाचवतो, पण पीसीवर असलेली मांडणी पीसीवरचा माणूस बदलू शकतो, म्हणून त्याला सुरक्षा म्हणता येत नाही. खरे काम सर्व्हरवर आहे. फायलींचा पब्लिक अधिकार काढून घ्यावा, प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालतील अशी व्यवस्था करावी, आणि ज्यांना अहवालांसाठी माहिती लागते त्यांना व्ह्यूवर, म्हणजे टेबलमधील निवडक माहितीच दाखवणाऱ्या रचनेवर, वाचनाचा अधिकार द्यावा. हे एका झटक्यात केल्यास कुठला तरी रात्रीचा जॉब थांबतो, ही भीती खरी आहे. त्यासाठी आयबीएम आय ७.३ मध्ये, २०१६ साली आलेली ऑथॉरिटी कलेक्शन ही सोय वापरावी. एखाद्या वापरकर्त्याच्या कामात प्रत्यक्ष किती अधिकार लागला आणि त्याच्याकडे किती आहे, हे ती नोंदवून देते, आणि तिची नोंद एसीएसच्या याच खिडकीत वाचता येते. डेटाबेस सर्व्हरपर्यंत कोणी पोचावे हे फंक्शन युसेजने प्रोफाइलनिहाय ठरवता येते. तेवढा एक बदल अधिकारांच्या मोठ्या कामाआधीही करता येतो, आणि हिरव्या पडद्यावर काम करणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या टेबलमध्ये काही ओळी काहींनाच दिसाव्यात असे असेल, तिथे ७.२ पासून उपलब्ध असलेले रो अँड कॉलम ॲक्सेस कंट्रोल आहे.

नोंदींच्या बाबतीतही एसीएस मदतीला येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळवायची आहे. एएस/४०० वर ही सामग्री ऑडिट जर्नलमध्ये आधीपासून जमा होऊ शकते. डिस्कवर जागा व्हावी म्हणून जर्नलचे रिसीव्हर, म्हणजे नोंदी साठवणारे भाग, आठवड्याला पुसून टाकण्याची जी सवय अनेक ठिकाणी आहे, ती मात्र सोडावी लागेल. चुकीचे पासवर्ड, नाकारलेले अधिकार अशा नोंदी आता एसक्यूएलने वाचता येतात. सहा तासांच्या मुदतीत जर्नलचे कच्चे रकाने उलगडत बसण्यापेक्षा आधी लिहून ठेवलेला प्रश्न चालवणे केव्हाही बरे.

इतर भागांविषयी थोडक्यात. एसक्यूएल परफॉर्मन्स सेंटर आणि व्हिज्युअल एक्सप्लेन यांनी संथ प्रश्नाचे कारण चित्रातून दिसते, आणि ते चित्र विश्वासार्ह असते. इंडेक्स ॲडव्हायझर सुचवतो ते सारे इंडेक्स मात्र तयार करू नयेत. प्रत्येक इंडेक्स बिल नोंदवण्याच्या वेगावर भार टाकतो, आणि दिवसभर बिले होणाऱ्या ठिकाणी तो जाणवतो. छापील आउटपुट पीडीएफमध्ये उतरवण्याची सोय चांगली आहे. सर्व्हरच्या रोजच्या देखरेखीसाठी २०२१ मध्ये नव्याने आलेले नॅव्हिगेटर ब्राउझरमध्ये चालते आणि एसीएसमधून थेट उघडते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एसीएस पुरेसे नाही, त्यांनी व्हीएस कोडमधील कोड फॉर आयबीएम आय हे मुक्त एक्स्टेन्शन घ्यावे.

२०२५ मध्ये आलेल्या ७.६ आवृत्तीत साइन ऑनसाठी पासवर्डसोबत दुसरा घटक मागण्याची सोय प्रणालीतच दिली आहे आणि एसीएसच्या नव्या आवृत्त्या तिला साथ देतात. जुन्या आवृत्तीवर असलेल्यांनी तोवर एवढे करावे: एसीएसचा मूळ संच सर्वांना द्यावा, ओडीबीसीचे पॅकेज ज्यांच्या कामाला ते लागते त्यांच्याच पीसीवर बसवावे आणि अशा जोडण्यांसाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे प्रोफाइल काढावे. ओडीबीसीचे पॅकेज न बसवल्याने दार बंद होत नाही, कारण एसीएसची खिडकी त्याच डेटाबेस सर्व्हरवर जाते. परंतु एक्सेलच्या शीटमध्ये पासवर्ड साठवून ती शीट विभागभर फिरण्याचा प्रकार त्यामुळे पुष्कळ कमी होतो.